पहिली नोकरी मिळेलच, दुसरी मिळेल का?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी परभणीहून बहिणीचा फोन आला. "दादा, याला दोन ठिकाणाहून बोलावणं आलंय. एक चाकणचं, एक वाळूजचं. चाकणवाले महिन्याला सहा हजार जास्त देतायत. तू पुण्यात आहेस म्हणून विचारते, पाठवू का?"

भाच्याने मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, मागे दीड वर्ष परभणीतच एका वर्कशॉपमध्ये काम केलंय. माझी पंचवीस वर्षं पर्चेस खात्यात गेली. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या-मोठ्या व्हेंडरांच्या शेडमध्ये माझी रोजची उठबस. तरीही मला फोनवर पटकन हो म्हणता येईना. कारण पुण्याजवळचं चाकण चांगलं की संभाजीनगरजवळचं वाळूज, हा प्रश्नच अर्धवट आहे. कुणासाठी चांगलं, आणि कधीपर्यंत?

गाव सोडताना आपण सगळेच पहिल्या नोकरीचा हिशेब मांडतो. पगार किती, खोली कुठे, जेवणाचं काय. पण पहिली नोकरी तर हातात आलेलीच असते, तिच्याबद्दल शहराला काही विचारायचं उरत नाही. शहराला विचारायचं ते दुसऱ्या नोकरीबद्दल. उद्या ही सुटली, तर याच शहरात, शक्यतो खोलीही न बदलता, दोन-तीन महिन्यांत दुसरी मिळेल का? मिळत असेल तर ते शहर आपल्या कामाचं. नसेल तर आपण शहरात नाही, एका कंपनीत राहायला चाललोय.

शहराचं पोट कशावर चालतं

कुठल्याही शहरात दोन तऱ्हेचे धंदे असतात. एक, जे बाहेरून पैसा आणतात. चाकणला बनलेली गाडी लखनौला विकली जाते, हिंजवडीत लिहिलेलं सॉफ्टवेअर अमेरिकेतली बँक वापरते, आणि तो पैसा पुण्यात येतो. दुसरे, जे आलेला पैसा आतल्या आत फिरवतात: किराणा, सलून, रिक्षा, मेस, दवाखाना, क्लास. पहिले धंदे आटले की दुसरे आपोआप सुकतात. म्हणून नव्या शहरात चकाचक मॉल दिसले तर भुलू नका. मॉल हा पैसा आल्याचा परिणाम आहे, पैसा येतो कुठून हे तो सांगत नाही.

मुंबईच्या गिरणगावाइतका याचा मोठा धडा आपल्याकडे दुसरा नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मिटला असं कधी झालंच नाही. अनेक गिरण्या पुन्हा धड सुरू झाल्या नाहीत. मुंबई काही बुडाली नाही, तिच्याकडे बंदर होतं, बँका होत्या, सिनेमा होता. बुडाला तो साचे, म्हणजे माग चालवणारा माणूस. एका गिरणीतून काढलं तर शेजारच्या गिरणीत जायचं ही त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सोय होती, आणि शेजारची गिरणीही त्याच दिवशी बंद होती. गिरण्या पन्नासावर असून उपयोग काय, धंदा एकच होता. खानावळवाल्या बायकांपासून भोंग्याच्या वेळेवर चहा उकळणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे हिशेब त्याच एका दोरीला बांधलेले.

आता पुणं बघा. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषध कंपनी आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, त्याच दशकात टेल्को (पुढची टाटा मोटर्स) आणि बजाज पिंपरी-आकुर्डीत उभ्या राहिल्या. त्यांच्याभोवती भोसरीत हजारो लहान शेड उगवल्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीला आयटी पार्क सुरू झालं, २००९ च्या सुमारास फोक्सवॅगन आणि मर्सिडीज चाकणला आल्या. या प्रत्येक थरातलं काही ना काही पुढे ढासळलंही. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची रया गेली. बजाजने २००७ मध्ये आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं. पण एक थर खचला तेव्हा दुसरा भरत होता. पुण्याची खरी ताकद ही आहे. हवा चांगली, माणसं सुसंस्कृत वगैरे गोष्टी आम्ही पुणेकर सांगतोच, त्या सोडून द्या.

मात्र पुण्याचं कौतुक करतानाही एक मेख आहे. पुण्याला कुणी 'भारताचं डेट्रॉइट' म्हटलं की मला हे कौतुक आहे की धमकी, तेच कळत नाही. (चेन्नईवालेही हाच किताब मिरवतात.) मूळ डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०२० मध्ये ती साडेसहा लाखांच्याही आत आली, आणि मधे २०१३ मध्ये त्या शहराच्या पालिकेने दिवाळं जाहीर केलं. तिथेही कंपन्या एक नव्हे, तीन मोठ्या होत्या. धंदा एक होता.

म्हणून भाच्याला मी पहिलं काम हे दिलं: चाकणमध्ये किती कंपन्या आहेत ते मोजू नकोस, तुझ्या कंपनीचं गिऱ्हाईक कोण ते विचार. दहा व्हेंडर असतील पण दहाही एकाच गाडीवाल्याला माल देत असतील, तर ते दहा नव्हेत, एकच आहेत. २०१९ च्या मंदीत हे डोळ्यांनी पाहिलंय. गाड्यांचा खप घसरला, मोठ्या कंपन्यांनी 'ब्लॉक क्लोजर' जाहीर केले, म्हणजे ठरावीक दिवस उत्पादनच बंद. मोठ्या कंपनीत त्या सुट्टीची निदान नोटीस लागते. भोसरीच्या शेडमध्ये नुसता फोन येतो, "उद्यापासून येऊ नको, बोलावलं की ये."

दुसरा प्रश्न, कंपनी बनवते काय? इंजिनाचे भाग, सायलेन्सर, इंधनाचे पंप बनवणारी कंपनी आज जोरात असेल, पण विजेच्या गाडीला इंजिनही नाही आणि सायलेन्सरही नाही. ब्रेक, सस्पेन्शन, सीट, काचा, वायरिंग हे कुठल्याही गाडीला लागतं. पंधरा वर्षांचं आयुष्य ज्या शहरावर लावायचं, तिथे हातात कुठलं काम शिकायला मिळणार याला फार महत्त्व आहे. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं यंत्र चालवणारा, त्याचा प्रोग्रॅम लिहिता येणारा, मोजमापात पक्का असलेला मुलगा गाडीच्या भागावरून पंपाच्या, पंपावरून विमानाच्या भागावर जाऊ शकतो. एकाच प्रेसवर सहा वर्षं पत्रा सरकवणाऱ्याला तसं जाता येत नाही, मग तो पुण्यात असो की आणखी कुठे.

बेरोजगारीचा आकडा कमी, म्हणजे काम भरपूर?

शहर निवडताना लोक गुगलवर बेरोजगारीचा दर शोधतात. हा आकडा वाचायला शिकणं अवघड नाही, पण न शिकता वाचला तर तो उलटीच दिशा दाखवतो.

केंद्र सरकारची श्रमशक्ती पाहणी, जिला सगळे पीएलएफएस म्हणतात, २०१७-१८ पासून चालू आहे. तिच्या २०२३-२४ च्या अहवालात पंधरा वर्षांवरच्या लोकांमधला बेरोजगारीचा दर देशात ३.२ टक्के होता. महाराष्ट्राचा ३.३ आणि बिहारचा ३.०. म्हणजे या आकड्यावर विसंबलं तर आपण कामासाठी बिहारला जायला हवं. प्रत्यक्षात गाड्या भरून येतात त्या उलट दिशेने. गोव्याचं तर याहून नवल. दरडोई उत्पन्नात देशातल्या पहिल्या राज्यांमधलं गोवा, आणि बेरोजगारीचा दर साडेआठ टक्के.

असं का होतं? कारण बेरोजगार म्हणजे 'काम नसलेला' नव्हे. काम नसलेला, आणि काम शोधणारा किंवा करायला तयार असलेला. जो शोधायचंच सोडून घरी बसला, तो मोजणीतून बाहेर. जी बाई म्हणते मी घरचंच बघते, तीही बाहेर. शिवाय काम म्हणजे पगारी नोकरीच असं नाही. भावाच्या दुकानात बिनपगारी बसणारा, दोन एकरात चौघं राबणारे, टपरी टाकून दिवसाला दोनशे कमावणारा, हे सगळे 'रोजगारात'. आठवड्याच्या मोजणीत तर सात दिवसांत एक तास काम केलं तरी माणूस त्या आठवड्यात रोजगारात धरतात. हा काही सरकारी चावटपणा नाही, जगभरच्या पाहण्यांची तशीच रीत आहे. पण त्यातून होतं असं की रिकामं बसणं ज्यांना परवडतं, तिथे बेरोजगारी जास्त दिसते. गरिबाला बेरोजगार राहायची ऐपतच नसते, तो मिळेल ते करतो. गोव्यातला पदवीधर मात्र घरच्या आधारावर मनासारख्या नोकरीची वाट बघू शकतो.

त्याच अहवालातला दुसरा एक आकडा मला जास्त कामाचा वाटतो. देशात काम करणाऱ्या शंभरांमधले ५८ स्वतःच्या धंद्यात किंवा शेतीत, सुमारे २० रोजंदारीवर, आणि नियमित पगारावर फक्त २२. शहराचा विचार करताना हा शेवटचा भाग किती मोठा ते बघा. आणि पगारदारांमध्येही लेखी करार नसलेले निम्म्याहून जास्त आहेत, हे विसरू नका.

एक अडचण राहते. ही पाहणी राज्याचं चित्र बऱ्यापैकी दाखवते, पण एकेका शहराचं त्यातून नेमकं कळत नाही. जानेवारी २०२५ पासून नमुना निवडताना जिल्हा हा पाया धरलाय आणि आकडे दर महिन्याला येऊ लागलेत, त्यामुळे पुढे फरक पडेल. तोवर जिल्ह्यासाठी आपल्याकडे एक दुर्लक्षित खजिना आहे. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' काढतं, त्यात जिल्ह्यांचं दरडोई उत्पन्न असतं. आणि प्रत्येक जिल्ह्याचं 'सामाजिक व आर्थिक समालोचन' निघतं: कारखाने किती, बँकांच्या ठेवी किती, कर्ज किती, रस्ते, वीज, शाळा. भाषा रूक्ष आहे, पण नेटवर फुकट मिळतं.

वाचताना एवढंच लक्षात ठेवा की उत्पन्न मोजतात ते उत्पादन जिथे होतं तिथलं. चंद्रपूरला कोळसा निघतो आणि २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे. त्या विजेची किंमत चंद्रपूरच्या खात्यात पडते, वीज मात्र राज्यभर जाते. तिथल्या माणसाच्या खिशात त्यातलं किती पडतं, हा वेगळा प्रश्न. करांच्या आकड्यांचं उलट. कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत असेल तर धूर नगरला निघतो आणि आयकर मुंबईच्या नावावर दिसतो. भविष्यनिर्वाह निधीचे आकडेही मासिक निघतात, किती नवे सभासद जोडले गेले ते कळतं, पण तेही राज्यापुरतेच धरून चालावं.

तळेगावचा कारखाना, किंवा कराराची बातमी कशी वाचावी

वाळूजच्या बाजूने भाच्याचा मोठा मुद्दा होता, "मामा, संभाजीनगरला टोयोटा येतीये." बरोबर आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकार आणि टोयोटा किर्लोस्कर यांच्यात सामंजस्य करार झाला, वीस हजार कोटींचा. बिडकीन-शेंद्र्याच्या 'ऑरिक' औद्योगिक नगरीत इतरही कंपन्या जागा घेतायत. शिवाय वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, शेंद्र्याला स्कोडा आहे, औषधांच्या आणि बिअरच्या कंपन्या आहेत. हे शहर कुणी हलकं धरू नये.

पण सामंजस्य करार म्हणजे साखरपुडाही नव्हे, मुलगी बघण्याचा कार्यक्रम फार तर. तळेगावची गोष्ट सांगतो. तिथे जनरल मोटर्सचा कारखाना होता, २००८ मध्ये सुरू झालेला. जानेवारी २०२० मध्ये ग्रेट वॉल या चिनी कंपनीने तो विकत घ्यायचं ठरवलं. त्याच वर्षी जूनमध्ये राज्य सरकारबरोबर त्या कंपनीचा करार झाला, बातम्या झळकल्या. त्याच जूनमध्ये गलवानला भारत-चीन चकमक झाली. केंद्राने शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीवर आधीच चाळण लावली होती, परवानगी काही मिळाली नाही. डिसेंबर २०२० मध्ये जनरल मोटर्सने उत्पादन थांबवलं. पुढच्या वर्षी सुमारे चौदाशे कामगारांना घरी बसवण्याची नोटीस निघाली. २०२२ मध्ये चिनी कंपनीचा सौदा मुदत संपून मोडला. २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घ्यायचा करार केला आणि २०२५ मध्ये तिथून पुन्हा गाड्या निघायला लागल्या.

अर्थव्यवस्थेच्या पुस्तकात ही सुखान्त गोष्ट आहे. जागा पडून राहिली नाही, नवी कंपनी आली, पुण्याचा दम दिसला. पण पस्तिशीतल्या वेल्डरसाठी ती पाच वर्षं आहेत. त्यात मुलाची दहावी आहे, घराचे हप्ते आहेत, आणि नव्या मालकाने नव्याने भरती करताना याच्याकडे बघावं असा काही नियम नाही. 'शहर सावरलं' आणि 'माणूस सावरला' यांच्यात ही दरी असते. ती आपण भरून काढू शकू का, हे ज्याचं त्याने आपल्या गाठोड्याकडे बघून ठरवायचं.

मग बातमीतला कारखाना खरंच येतोय हे ओळखायचं कसं? क्रम साधारण ठरलेला असतो. करार, मग जमिनीचं वाटप आणि तिचे पैसे भरणं, मग लागत असेल तर पर्यावरणाची परवानगी, मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची दोन संमतिपत्रं: आधी उभारणीची, नंतर चालू करण्याची. मोठ्या प्रकल्पांचे पर्यावरणाचे अर्ज केंद्राच्या 'परिवेश' संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. उभारणीची संमती मिळालीय पण प्लॉटवर कुसळंच उगवलीत, तर अजून दोन वर्षं धरा. चालू करण्याची संमती आली, की भरती दारात आली. आणि सगळ्यात सोपी खूण: कारखान्याच्या आधी त्याचे व्हेंडर येतात. आजूबाजूला लहान शेड उभ्या राहायला लागल्या की समजावं, कुणाला तरी पक्की ऑर्डर मिळालीय. व्हेंडर स्वतःच्या खिशातले पैसे घालतो, त्याला भाषणाने शेड बांधता येत नाही. वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना गुजरातला गेला म्हणून २०२२ मध्ये आपल्याकडे केवढा गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. नोकरी सोडून त्या बातमीमागे कुणी इथून तिथे गेला असता तर?

सहा हजारांचं काय उरलं

भाच्याला चाकणचे तेवीस हजार हातात, वाळूजचे सतरा. मी त्याला विचारलं, ओटी धरून की सोडून? त्याला माहीत नव्हतं. त्याने फोन करून विचारलं तेव्हा कळलं की तेवीस हजारांत ओव्हरटाइम धरलेला आहे, नुसता पगार साडेअठरा. ओटी म्हणजे ऑर्डरचा पाऊस, पडला तर पडला. २०१९ सारखं वर्ष आलं की पहिला बंद होतो तो ओटी. वाळूजचे सतरा मात्र ओटी सोडून होते.

तरी तेवीस धरू. दोन्हीकडे मित्रांना विचारून त्याने खर्च काढला. चाकणला कॉट बेसिसवर तीन हजार, मेस साडेतीन, चहा-नाश्ता दीड, मोबाइल-पेट्रोल दीड: साडेनऊ हजार. शिवाय महिन्यातून एकदा परभणीला यायचं तर बसचे जाऊन-येऊन अठराशे. हातात राहिले अकरा हजार सातशे. वाळूजला खोलीचे दोन, मेस तीन, बाकी चोवीसशे, आणि परभणीला रेल्वेने यायला तीनशे पुरतात. तिथे राहिले नऊ हजार तीनशे. सहा हजारांचे उरले चोवीसशे. आणि ओटी नसलेल्या महिन्यात तर वाळूज पुढे निघून जातं.

सरकारचाही याबाबत एक अंदाज आहे. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना घरभाडं देताना शहरांचे तीन वर्ग करतात. पुणं-मुंबईसह आठ शहरं पहिल्या वर्गात, तिथे मूळ पगाराच्या तीस टक्के. नाशिक, नागपूर, संभाजीनगर, कोल्हापूर दुसऱ्या वर्गात, वीस टक्के. परभणीसारखी तिसऱ्यात, दहा टक्के. काटेकोर नसलं तरी मापाला बरं आहे. नोकरीचा आकडा तोलताना निदान एवढा फरक आधीच वजा धरा.

मात्र काही खर्च कागदावर येतच नाहीत. संभाजीनगरला जायकवाडीसारखं धरण जवळ असून नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं. कुटुंब नेणाऱ्याला टँकर आणि जारचा खर्च धरावा लागतो. पुण्यात पाण्याऐवजी वेळ जातो. २०२४ च्या एका जागतिक वाहतूक पाहणीत पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी तेहतीस मिनिटांवर लागतात असं निघालं. सरासरी, लक्षात घ्या. संध्याकाळी सहाला तळेगाव-चाकण रस्त्यावर उभं राहून ही सरासरी कुणी कुणाला सांगू नये.

लग्न झालेल्यांसाठी सगळा हिशेबच बदलतो. तिथे एकाची दुसरी नोकरी नव्हे, दोघांची पहिली बघायची. नवरा कारखान्यात आणि बायको नर्स, शिक्षिका किंवा अकाउंट्स बघणारी असेल, तर दोघांनाही काम देईल असं शहर हवं. लहान औद्योगिक गावं इथेच मार खातात. तिथे हेल्पर आणि ऑपरेटर खपतात, बाकीच्यांनी घर सांभाळावं अशी त्यांची घडण असते. पुण्याच्या महागाईची भरपाई होते ती बऱ्याचदा या दुसऱ्या पगारातून.

गेटवरचा चहा

आता नोकरीच्या कागदाबद्दल थोडं. नोकरी कंपनीच्या पेरोलवर आहे, कंत्राटदारामार्फत आहे, की 'ट्रेनी' म्हणून? देशातल्या कारखान्यांतल्या दहा कामगारांमधले चार कंत्राटी आहेत, सरकारच्याच उद्योग पाहणीनुसार. कंत्राटी असणं म्हणजे लगेच वाईट असं नाही. पण महाराष्ट्रात बारा महिन्यांत २४० दिवस भरले की कायम करण्याचा हक्क सांगता यायचा, म्हणून सातव्या महिन्यात 'ब्रेक' द्यायची एक जुनी रीत आहे. महिना-दीड महिना घरी, मग पुन्हा नव्याने. ब्रेकच्या काळात तुम्ही शहरात राहता, भाडं देता, मेस देता, पगार नसतो. म्हणून वर्षाचा हिशेब बारा महिन्यांचा न करता दहा-साडेदहाचा करा. मी हे सांगितलं तेव्हा बहीण फोनवर थोडा वेळ गप्पच झाली.

नोकरीच्या संकेतस्थळांवरच्या जाहिराती मोजून शहर ठरवणाऱ्यांना एक सांगतो. एकच जागा पाच एजन्सी पाच नावांनी टाकतात. जाहिराती मोजू नका, वेगवेगळ्या मालकांची नावं मोजा, आणि तीच जाहिरात महिन्याने पुन्हा दिसते का ते बघा. एकच कंपनी दर महिन्याला त्याच जागेसाठी माणूस शोधत असेल तर एक तर ती वाढतेय किंवा तिथे माणूस टिकत नाही. बहुतेकदा दुसरं. नोकरीसाठी पैसे मागणारा दिसला की उठून चालू लागा.

या सगळ्या आकड्यांपेक्षा मी भाच्याला चार दिवस चाकणला येऊन राहायला सांगितलं. माझ्याकडे नाही, कोथरूडमध्ये राहून चाकण कळत नाही. खराबवाडीत त्याच्या वर्गमित्राच्या खोलीवर. करायचं एवढंच: सकाळची आणि दुपारची शिफ्ट सुटताना गेटसमोरच्या टपरीवर बसायचं. तीन शिफ्ट चालतात की एक? कंपनीच्या बस किती लागतात, आणि गेल्या वर्षी किती लागायच्या? गेटवर 'ऑपरेटर पाहिजेत' असं पाटीवर लिहिलंय का, आणि ती पाटी नवी की उन्हाने पांढरी पडलेली? नाणेकरवाडी, महाळुंगेच्या गल्ल्यांत 'खोली भाड्याने' अशा पाट्या किती? गावात खोल्या रिकाम्या पडायला लागल्या की मंदी आली हे सरकारच्या आधी खोलीमालकाला कळतं. आणि चहावाल्याची उधारीची वही. ती कुणी दाखवत नाही, पण विषय काढला की बोलतो.

तिसऱ्या दिवशी रात्री त्याचा फोन आला. ज्या कंपनीने बोलावलंय तिथले दोघं टपरीवर भेटले, म्हणाला. कंपनी तीन वेगवेगळ्या गाडीवाल्यांना ब्रेकचे भाग देते, त्यातला एक ट्रॅक्टरवाला. शिफ्ट तीन. पण मुलं बहुतेक कंत्राटदाराची, आणि ब्रेक सातव्या महिन्यात पडतोच पडतो. सीएनसीवर घेतील का, हे विचारल्यावर सुपरवायझर म्हणाला, आधी असेंब्लीला सहा महिने काढ, मग बघू. पलीकडच्या दोन कंपन्यांच्या गेटवर मात्र सीएनसीच्या पाट्या होत्या, त्यांचे फोटो त्याने मला पाठवले. एकीवर तारीखही होती, त्याच आठवड्यातली.

"मग काय करू, मामा?"

ते मी त्याच्यावरच सोडलं. त्याने चाकण घेतलं. भोसरीत सीएनसी प्रोग्रॅमिंगचा शनिवार-रविवारचा क्लास लावलाय, आणि आईकडून घेतलेले तीस हजार बँकेत हात न लावता ठेवलेत, ब्रेकसाठी. सातवा महिना जूनमध्ये भरतो.